स्प्रिंगा टाकताय? आधी स्पीडब्रेकर मोजा

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला: "गाडीला लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्यात, कुठल्या घेऊ?" त्यातला एक माझा भाचा. पुण्यात नोकरी, सेकंडहँड घेतलेली पोलो जीटी टीएसआय, रोज ऑफिसला तीच आणि दर दुसऱ्या शनिवारी सोलापूरला घरी यायलाही तीच. "मामा, दोन-तीन कंपन्या बघून ठेवल्यात. तुम्ही फक्त नाव सांगा."

नाव सांगणं सोपं आहे. जर्मनीच्या फिनेनट्रोप गावातली आयबाख ही कंपनी १९५१ पासून आहे, शेजारच्या लेनेश्टाटची एच अँड आर आहे. दोन्हींच्या स्प्रिंगांना जगभर मान आहे आणि माल म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. पण माझं मत असं की सोलापुरात (आणि खरं तर कोल्हापूर, लातूर, विजापूर कुठेही) रोज चालणाऱ्या गाडीसाठी कंपनीचं नाव हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की चाकाला वर जायला जागा किती उरते? बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी "स्पोर्ट्स कार" या शब्दाचं बघू. आपल्याकडे दोन दरवाजांची, दोन माणसांची, फक्त रविवारी बाहेर काढायची गाडी घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मध्यमवर्गीय माणसाची स्पोर्ट्स कार म्हणजे जोरदार इंजिनाची फॅमिली गाडी. २०१३ मध्ये आलेली, चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय. किंवा २०१५ मध्ये आलेली अबार्थ पुंटो, १४५ बीएचपीची, आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली. कुणाकडे ऑक्टाविया व्हीआरएस. पोलो २०२२ मध्ये इथे बंद झाली, फियाट तर त्याआधीच गेली, तरी जुन्या गाड्या लोक जिवापाड जपतात. पण जपतात म्हणजे वापरतात. तीच गाडी भाजीला, तीच मुलांना शाळेत सोडायला, तीच आईला घेऊन तुळजापूरला. "डेली ड्रिव्हन" म्हणतात ते हे.

आता स्प्रिंगेचं गणित. घाबरू नका, सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही.

गाडी उभी असताना स्प्रिंग थोडी दबलेली असते. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक आणखी वर येतं, स्प्रिंग आणखी दबते आणि एका जागी येऊन थांबते. तिथे शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. उभ्या स्थितीपासून त्या ठोकळ्यापर्यंतचं अंतर हीच आपली शिल्लक. हिशेबासाठी धरू की ती ६० मिलिमीटर आहे. पुढच्या एका चाकावर ३०० किलो वजन धरू आणि स्प्रिंगेचा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन. (नेमके आकडे गाडीगणिक बदलतील, निष्कर्ष बदलणार नाही.)

उंचवट्याचा धक्का स्प्रिंग किती पचवू शकते? अर्धा गुणिले कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग. २५ चे निम्मे साडेबारा, ६० चा वर्ग ३६००. गुणाकार ४५,००० न्यूटन-मिलिमीटर, म्हणजे ४५ ज्यूल.

आता ३५ मिलिमीटर खाली बसवणारी स्प्रिंग टाका, ३० टक्के जास्त कडक. कडकपणा साडेबत्तीस झाला, पण शिल्लक उरली फक्त २५ मिलिमीटर. परत गुणाकार करा. उत्तर येतं सुमारे १० ज्यूल.

पंचेचाळीसचे दहा! स्प्रिंग ३० टक्के कडक घेतली आणि धक्का पचवायची ताकद चौथ्या हिश्शाच्याही खाली गेली. कारण कडकपणा गुणाकारात एकदाच येतो आणि अंतर दोनदा. ४५ ज्यूल परत मिळवायचे तर त्या २५ मिलिमीटरमध्ये कडकपणा जवळजवळ सहापट लागेल. तशी स्प्रिंग टाकलीत तर ती गाडी राहणार नाही, बैलगाडी होईल.

उरलेले ३५ ज्यूल कुठे जातात? आधी बंप स्टॉपमध्ये, मग शॉकअपच्या माउंटिंगमध्ये, मग बॉडीत, आणि शेवटी तुमच्या मणक्यात. लोअरिंग केलेल्या गाडीबद्दल "हार्ड झाली" असं लोक म्हणतात, त्यातलं बरंचसं हार्डपण स्प्रिंगेचं नसतंच. तो ठोकळ्यावर आदळण्याचा आवाज असतो.

आता १५ मिलिमीटरच खाली आणणारी, १५ टक्के कडक स्प्रिंग घ्या. शिल्लक ४५ मिलिमीटर, उत्तर सुमारे २९ ज्यूल. मूळच्या जवळजवळ दोन तृतीयांश. पंधरा आणि पस्तीस यांच्यात वीस मिलिमीटरचा फरक, फोटोत कदाचित दिसणारही नाही, पण एक गाडी चालवता येते आणि दुसरी सोसावी लागते. लोअरिंग स्प्रिंग घेताना आपण चाकाचा प्रवास विकत असतो. तो विकायचा तर भाव काय मिळतोय हे तरी बघावं की नाही?

आणि सोलापुरात चाकाच्या प्रवासाइतकी महाग वस्तू दुसरी नाही.

स्पीडब्रेकर घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचं याबद्दल एक मानक आहे, आयआरसी ९९. त्यात गोलाकार गतिरोधकाची मापं दिली आहेत: त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, आणि ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा अशी अपेक्षा. शाळेतली भूमिती वापरून बघा, १७ मीटर त्रिज्येवर ३.७ मीटरची जीवा घेतली की उंची बरोबर १० सेंटिमीटर येते. ज्याने हे लिहिलं त्याने विचार केलाय.

पोलोच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे २.४६ मीटर. अशा मानक गतिरोधकावर गाडी बरोबर मधोमध आली तर पुढची आणि मागची दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात. म्हणजे गाडीही वर उचललेली असते. हिशेब केला तर गाडीच्या पोटाखालची फक्त साडेचार सेंटिमीटर जागा तो खातो. साडेचार! अशा गतिरोधकांच्या देशात तुम्ही ३५ मिलिमीटर खाली आणा नाहीतर ४० आणा, पोटाला डाग लागणार नाही.

आता आपला स्पीडब्रेकर. आमच्या घराजवळच्या गल्लीतला मी टेपने मोजला. रुंदी मीटरभर, उंची १५ सेंटिमीटर. कुणीतरी उरलेल्या मुरमावर डांबर टाकून एका रात्रीत बनवलेला. हा गाडीच्या चाकांच्या मधे अख्खा मावतो. म्हणजे गाडी उचलली जात नाही आणि तो पंधराच्या पंधरा सेंटिमीटर खातो. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स रिकामी असताना साधारण १६५ मिलिमीटर. चार माणसं बसली की पंचवीसेक मिलिमीटर जातात, राहिले १४०. म्हणजे कंपनीतून आली तशी, एकही स्प्रिंग न बदललेली गाडी इथे घासते. ३५ खाली आणली की राहतात १०५, आणि समोर १५० चा उंचवटा. साडेचार सेंटिमीटर कमी पडतात. मानक गतिरोधक जेवढं खातो बरोबर तेवढेच. योगायोग, पण मला तो फार बोलका वाटतो.

मग आपण काय करतो? गाडी तिरकी घालतो. सोलापुरात हे शिकवावं लागत नाही, ड्रायव्हिंग क्लासच्या आधीच येतं. एक चाक, मग दुसरं, मग तिसरं. गल्लीत ठीक आहे. पण अक्कलकोट रोडवर किंवा बार्शी रोडवर एखाद्या गावाजवळ पुढे अचानक असा उंचवटा दिसला, आणि मागून भरलेला ट्रक येतोय, तेव्हा तुमची गाडी जवळजवळ थांबून आडवी होते. मागच्याला वाटत असतं की पुढचा तीसच्या स्पीडने पार होईल, कारण बाकी सगळ्या गाड्या होतात. माझ्या दृष्टीने लोअरिंगचा खरा धोका हा आहे. बंपर घासला तर रंग लावता येतो.

स्पीडब्रेकर सोडा, साध्या रस्त्याचं बघू. आपल्या जिल्ह्यात रस्त्याखाली जागोजागी काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. खालची जमीनच अशी श्वास घेत असेल तर वरचं डांबर सपाट कसं राहणार? त्याच्या लाटा होतात. त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या. चाकोरी खोल जाते आणि मधला पट्टा वर येतो, नेमका तुमच्या इंजिनाच्या चेंबरखाली. शहरात ड्रेनेजची चेंबरं रस्त्याच्या वर चार बोटं नाहीतर खाली चार बोटं. रस्त्यातलं चेंबर आणि गाडीचं चेंबर यांची गाठ पडणं हा आपल्याकडच्या गॅरेजांचा एक मोठा धंदा आहे. :)

या लाटांवरून शॉकअपकडे येतो, कारण स्प्रिंगा घेणारे इथे सगळ्यात जास्त फसतात.

३०० किलो वजन आणि २५ चा कडकपणा असेल तर गाडी सेकंदाला साधारण १.४५ वेळा वरखाली डोलते. ही तिची नैसर्गिक लय. ताशी १०० ने जाताना आपण सेकंदाला २७.८ मीटर कापतो. म्हणजे रस्त्यात दर १९-२० मीटरला एक लाट असेल तर ती नेमकी त्या लयीत गाडीला हलवते. झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं. हा झोपाळा थांबवायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग गाडी पेलते, शॉकअप डोलणं मारतो. दोघांची जोडी कंपनीत जुळवलेली असते.

स्प्रिंग ३० टक्के कडक केली की लय १.६६ वर जाते, पण जुना शॉकअप तोच राहतो. त्याची पकड आता नव्या स्प्रिंगेच्या मानाने सुमारे १२ टक्के सैल पडते. हे नव्या शॉकअपचं. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेला, आतलं तेल पातळ झालेला, मे महिन्यात ४३ डिग्रीत पळणारा शॉकअप असेल तर विचारायलाच नको. वर तो रोज त्याच्या प्रवासाच्या तळाशी काम करणार, दर मोठ्या धक्क्याला ठोकळ्यावर आदळणार. थोड्याच दिवसांत सीलमधून तेल गळायला लागतं, आणि मग मालक म्हणतो, "स्प्रिंगा चांगल्या होत्या, शॉकअप लोकल निघाले." म्हणून लोअरिंगसाठी मुद्दाम आखूड केलेले शॉकअप मिळतात. बिल्स्टाईनचा बी८ त्यातलाच. स्प्रिंग एकटी घ्यायची वस्तू नाही. दोन्हींचे पैसे असतील तरच बोलू.

बरं, आता मागच्या सीटचं. मागच्या दोन स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला ४० न्यूटन धरा. मागे माणसं आणि डिकीत सामान मिळून मागच्या चाकांवर १६० किलो आले की गाडी मागून सुमारे ३९ मिलिमीटर बसते. हे कंपनीच्या स्प्रिंगेवर. त्यात आधीच ३०-३५ खाली आणलेली असेल तर मागची माणसं जवळजवळ ठोकळ्यावरच बसून प्रवास करतात. दर खड्ड्याला "आई गं" मागून येतं.

भाच्याला मी हेच विचारलं, "दिवाळीत आजीला तुळजापूरला कोण नेतं?" तोच नेतो. तुळजापूरच्या घाटात चार वळणं मनासारखी मिळतात, मान्य, मलाही आवडतात. पण त्या वळणांची मजा स्टेअरिंगवरचा घेतो आणि तिथवरच्या पंचेचाळीस किलोमीटरचे धक्के मागे बसलेली आजी घेते. फायदा एकाचा, बिल दुसऱ्याला. वळण घेताना गाडी कमी कलते हे तिला कळणारही नाही. तिला कळणार ते कंबरेतून. स्वतःपुरती गाडी असती तर मी एवढा लेख लिहिला नसता.

आता दुसरी बाजू. लोअरिंगने काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. कडक स्प्रिंगेने गाडी वळणात कमी कलते, स्टेअरिंग फिरवलं की पटकन वळते. गुरुत्वमध्य खाली येतो. किती? जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर धरला आणि ३ सेंटिमीटर खाली आणला तर वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन साडेपाच टक्क्यांनी कमी होतं. साडेपाच टक्के हा फायदा आहेच. रेसच्या ट्रॅकवर त्यासाठी लोक लाखो रुपये घालवतात. पण झिजलेल्या टायरऐवजी चांगले टायर टाकले तर वळणात, ब्रेकला आणि पहिल्या पावसात जो फरक पडतो त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे.

शिवाय एक गोम आहे. पोलोसारख्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं. यात गाडी खाली आणली की खालचे आर्म आडवे होतात किंवा उलटे तिरके होतात आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग कडक असल्यामुळे एकूण कल कमीच राहतो, पण कडकपणाचा काही भाग ही लांबलेली तरफच खाऊन टाकते. जितकं जास्त खाली जाल तितकं जास्त खाते. टायरचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट परत करावी लागते. नाही केली तर टायर आतून कापले जातात आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

राहिलं दिसणं. टायर आणि मडगार्डमधली ती फट. खरं सांगू, नव्वद टक्के लोक स्प्रिंगा त्यासाठीच टाकतात, हँडलिंगचं कारण बायकोला आणि वडिलांना सांगायला असतं. मला यात काही गैर वाटत नाही. गाडी देखणी दिसावी ही इच्छा प्रामाणिक आहे, फक्त ती तशीच मान्य करावी. दिसण्यासाठीच हवं असेल तर पंधरा-वीस मिलिमीटरने आणि थोड्या मोठ्या रिमने बरंच काम होतं.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी विचारा. पहिली: पाकिटावरचे "३० मिलिमीटर" कुठल्या उंचीपासून? बऱ्याच कंपन्या भारतासाठी गाडी मुद्दाम उंच करून विकतात. स्प्रिंग युरोपातल्या मॉडेलसाठी बनलेली असेल तर ती तिथल्या उंचीपासून ३० खाली. आपली गाडी मुळात १५ ने उंच असेल तर प्रत्यक्षात ती ४५ खाली येणार. दुसरी: स्प्रिंग किती ॲक्सल वजनासाठी आहे? जर्मन स्प्रिंगेच्या कागदावर पुढच्या-मागच्या ॲक्सलचं कमाल वजन लिहिलेलं असतं. डिझेलचं इंजिन जड, पेट्रोलचं हलकं. एकाची स्प्रिंग दुसऱ्याला "बसते" म्हणून ती चालत नाही.

कागदावरून आठवलं. जर्मनीत अशा स्प्रिंगेबरोबर तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र येतं, बसवल्यावर गाडी नेऊन तपासून घ्यावी लागते, मग तो बदल अधिकृत होतो. आपल्याकडे स्प्रिंगेसाठी असा मार्ग नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नाही, म्हणून काही होत नाही असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा हे छातीठोक लोक शेजारी उभे नसतात. गंमत अशी की, माझ्या स्प्रिंगेला कायदा आहे, गल्लीतल्या पंधरा सेंटिमीटरला मानक आहे. पण टेप घेऊन फिरतो तो फक्त माझ्यासारखा रिकामटेकडा.

स्वस्तातला उपाय म्हणून मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कापणारे मिस्त्री आहेत. सहा कामाच्या वेढ्यांतला एक काढला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते, हे गणित बरोबर आहे. पण शेवटचा वेढा बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून हलू शकते. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचा गुणच जातो. याला माझ्याकडून सरळ नाही. कितीही ओळखीचा मिस्त्री असो.

मग माझं मत एका परिच्छेदात: टायर आधी, शॉकअप आणि बुश त्यानंतर, स्प्रिंग सगळ्यात शेवटी. टाकायचीच तर आपल्याकडच्या मूळ उंचीपासून १५, फार तर २० मिलिमीटर, जोडीच्या शॉकअपसह, ॲक्सलचं वजन बघून, लगेच अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी करून. यापेक्षा खाली जाणारी स्प्रिंग सोलापुरात रोजच्या गाडीला घेऊ नये, मग तिच्यावर कुठलंही नाव छापलेलं असो.

हे मत तुमच्या गाडीला लागू आहे का, हे तपासायला दहा रुपयांची वस्तू पुरते. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक नियम पाळतो (म्हणजे पाळावा असं एकमेकांना सांगतो): प्रोग्राम वेगवान करायला बसण्याआधी तो कुठे अडतोय ते मोजा. तसंच इथे. मिस्त्रीकडून शॉकअपचं रबरी बूट वर सरकवून दांड्याला एक प्लॅस्टिकचा केबल टाय बांधून घ्या आणि तो खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवा. गाडी दबली की टाय दांड्यावर वर सरकतो आणि तिथेच राहतो. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा: ऑफिस, बाजार, एकदा घरच्यांना मागे बसवून गावाला. मग सपाट जागी उभी करून बघा की टाय आणि बंप स्टॉप यांच्यात किती मिलिमीटर अंतर उरलंय.

वीस उरले असतील तर वीस विकायला तुमच्याकडे आहेत. टाय ठोकळ्याला जाऊन चिकटलेला असेल, तर तुमचा रस्ता तुमची सगळी शिल्लक आजच खर्च करतोय, आणि विकायला तुमच्याकडे काही नाही.